दुकानांच्या साईटसाठी स्वतःची जावास्क्रिप्ट लायब्ररी: आधी पैसे, मग कार्ट, मग एनपीएम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चार क्लायंटची ऑनलाइन दुकानं तुम्ही सांभाळताय, एक शॉपिफायवर हेडलेस (मागचं इंजिन शॉपिफायचं, दर्शनी पानं स्वतःची), बाकीची वूकॉमर्सवर, आणि सगळीकडे कार्ट, कूपन, किंमत दाखवणं, पिनकोड तपासणं हाच कोड थोडाथोडा बदलून चिकटवलाय. आता त्याची एक लायब्ररी करून एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारात, टाकायचीय, तर रिॲक्टमध्ये लिहू की साध्या जेएसमध्ये, बंडलर (फाइल्स एकत्र बांधून देणारं साधन) कुठला घेऊ आणि पब्लिश करताना काय काय बघू. मी बरीच वर्षं हेच काम करतेय म्हणून सविस्तर लिहिते, पण तुमच्या क्रमाने नाही लिहीत, कारण बंडलर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि तिथून सुरुवात केलीत की पैशाचा भाग शेवटी घाईघाईत उरकला जातो, आणि तो तर सगळ्यात आधी व्हायला हवा.

दुकानाची लायब्ररी लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसणं. स्लायडरच्या लायब्ररीत बग निघाला तर फोटो वाकडा दिसतो, इथे बग निघाला तर गिऱ्हाईकाला दिसते एक रक्कम आणि कापली जाते दुसरी, आणि फोन तुम्हाला नाही, दुकानदाराला येतो. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: लायब्ररीला कमीत कमी गोष्टी ठाऊक असू द्या, पण ज्या ठाऊक आहेत त्या पैशापर्यंत बिनचूक.

आता पैसे. जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ गुणिले १०० केलं तर १९९९ येत नाही, १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं, त्यावर कोणी पार्सइंट मारलं की १९९८ हातात पडतं, एक पैसा गेला. १.००५ ला टूफिक्स्ड लावून दोन दशांश मागा, १.०० मिळतं, १.०१ नाही. हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं, तरी दुकानांच्या कोडमध्ये मला अजून दर वेळी फ्लोट, म्हणजे दशांशवाले नंबर, सापडतात, कारण एपीआयकडून जे येतं ते लोक तसंच्या तसं पुढे ढकलतात. तुमच्या बाबतीत तर हे आणखी नाजूक आहे, कारण शॉपिफायचा स्टोअरफ्रंट एपीआय रक्कम दशांशाच्या स्ट्रिंगमध्ये (मजकुराच्या रूपात) देतो, म्हणजे "२७००.०" अशी, रुपयांत, आणि वूकॉमर्सचा स्टोअर एपीआय तीच रक्कम "२७००००" अशी स्ट्रिंग देतो, पैशांत, सोबत करन्सी मायनर युनिट नावाच्या फील्डमध्ये २ हा आकडा (दशांश किती ते). दोन्ही स्ट्रिंग, दोन्ही नंबरसारख्या दिसणाऱ्या, एक दुसरीच्या शंभरपट. कोणी दोन्हीकडे नंबर फंक्शन लावून मोकळं झालं की एका दुकानात सगळ्या किमती शंभरपट दिसणार किंवा शंभरावा हिस्सा दिसणार.

त्यामुळे पहिलं काम हे, की लायब्ररीच्या आत रक्कम म्हणजे एक छोटं ऑब्जेक्ट, त्यात दोनच गोष्टी: मायनर युनिटमधला (पैशासारख्या सगळ्यात लहान एककातला) पूर्णांक आणि करन्सी कोड. बाहेरून येणारी स्ट्रिंग दारातच तोडायची, पार्सफ्लोट न करता, टिंबावर स्प्लिट करून, उरलेले दशांश शून्यांनी भरून. आणि दशांश दोनच असतात असं धरायचं नाही, जपानी येनला एकही नसतो, कुवेती दिनारला तीन असतात. तुम्ही म्हणाल आमची सगळी गिऱ्हाईकं इथलीच, पण एनपीएमवर टाकल्यावर कोण कुठे वापरेल ते तुमच्या हातात राहत नाही. बेरीज-वजाबाकी करताना करन्सी वेगळी असेल तर सरळ एरर फेका, गप्प बसून बेरीज करणारं फंक्शन नको.

किंमत दाखवायला जावास्क्रिप्टमधलाच इंटल नंबरफॉरमॅट पुरतो, लाख-कोटींचे स्वल्पविराम तो आपल्या पद्धतीने बरोबर टाकतो, स्वतः रेजेक्स (मजकुराचा नमुना शोधणारं सूत्र) लिहायची गरज नाही. फक्त एक गंमत लक्षात ठेवा, लोकेल, म्हणजे भाषा-देशाची सेटिंग, हिंदी-भारत दिलं तर आकडे इंग्रजी येतात पण मराठी-भारत दिलं तर देवनागरी येतात, ₹१,२३,४५६.०० असे. काही दुकानदारांना ते फार आवडतं, काहींना पेमेंटच्या पानावर इंग्रजी आकडे आणि दुकानात देवनागरी असं नको असतं, आणि मग लोक लोकेलच बदलून टाकतात, त्याने तारखाही बदलतात. लोकेलला नंबरिंग सिस्टीमचं एक्स्टेंशन जोडून मराठी लोकेलमध्येही इंग्रजी आकडे मिळतात, तेवढा एक ऑप्शन लायब्ररीत द्या आणि डीफॉल्ट काय ते रीडमीत (पॅकेजसोबतच्या माहितीच्या पानात) स्पष्ट लिहा.

कूपनचं वाटप हा दुसरा कोपरा. १०० रुपयांचं कूपन तीन सारख्या किमतीच्या वस्तूंवर वाटलं तर ३३.३३ तीनदा, ९९.९९ होतात, एक पैसा लोंबकळतो. पैशांत बघा: १०००० भागिले ३, प्रत्येकी ३३३३, बाकी १. हा उरलेला पैसा कोणाला द्यायचा याचा नियम ठरलेला पाहिजे, ज्या ओळीचा अपूर्णांक मोठा तिला आधी, सारखे असतील तर कार्टमधल्या क्रमाने, आणि तोच कार्ट पुन्हा दिला की तेच उत्तर यायला हवं. नाहीतर गिऱ्हाईकाने तीनातली एक वस्तू परत केल्यावर रिफंड किती यावरून वाद होतो. शॉपिफाय हे वाटप स्वतःच ओळीनुसार करून देतो, तिथे त्याचंच दाखवा, आपलं चालवू नका.

आणि टॅक्स? टॅक्स लायब्ररीत घालू नका. हे मी जरा ठासून सांगते कारण भारतातल्या दुकानांसाठी लिहिताना सगळ्यांना मोह होतोच, दर तर चारपाचच आहेत, एक टेबल टाकू. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि ज्यांनी असं टेबल पॅकेजमध्ये घातलं होतं त्या प्रत्येकाला नवीन व्हर्शन काढून प्रत्येक दुकानात अपडेट करावं लागणार होतं, तेही एकाच रात्रीत. शिवाय दर नुसता वस्तूवर ठरत नाही. तयार कपड्यांचं घ्या, प्रति नग २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. करापूर्वी २७०० चा कुर्ता असेल तर १८ टक्क्यांनी ४८६ कर, एकूण ३१८६. आता दुकानदाराने स्वतः बिलात दाखवून १० टक्के सूट दिली, किंमत झाली २४३०, म्हणजे स्लॅबच बदलला, ५ टक्क्यांनी १२१.५०, एकूण २५५१.५०. सूट २७० ची आणि गिऱ्हाईकाचं बिल ६३४.५० ने कमी. तुमच्या कोडने आधी टॅक्स काढून मग सूट वजा केली असती तर आकडा पार वेगळा आला असता. त्यातून राज्याच्या आत सीजीएसटी-एसजीएसटी आणि बाहेर आयजीएसटी हा वेगळा विषय. हे सर्व्हरचं काम, ब्राउझरमधल्या कोडने फक्त सर्व्हरने सांगितलेला आकडा दाखवायचा आणि तो येईपर्यंत "कर चेकआउटला" एवढं लिहायचं.

पेमेंटलाही हेच. रेझरपेमध्ये ऑर्डर सर्व्हरवरून बनवायची असते, रक्कम पैशांत, आणि पेमेंट झाल्यावर आलेली सही सर्व्हरवरच सीक्रेट वापरून तपासायची असते. ब्राउझरमधून आलेल्या रकमेवर विश्वास ठेवून ऑर्डर बनवणारं कोणतंही हेल्पर फंक्शन लायब्ररीत नको, मग कोणी कितीही मागो. कार्ड नंबर तर तुमच्या कोडच्या आसपासही फिरकता कामा नये, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाची माहिती साठवताच येत नाही.

आता कार्ट. कार्टचा खरा मालक सर्व्हर, आपल्याकडे त्याची नक्कल, हे धरून चाललं की निम्मे प्रश्न सुटतात. उरलेले निम्मे वेळेचे असतात. बघा, गिऱ्हाईक गाडीत बसलंय, नेटवर्क येतंय-जातंय, प्लसचं बटण पाच वेळा दाबलं. प्रत्येक दाबण्याला "एक वाढव" अशी रिक्वेस्ट गेली तर पाच रिक्वेस्ट, त्यातली दुसरी टाइमआउट झाली, लायब्ररीने ती पुन्हा पाठवली पण पहिल्या वेळची पोचलेली होतीच, झाले सहा. किंवा सगळ्या पोचल्या पण उत्तरं उलटसुलट आली, शेवटी आलेल्या उत्तरात नग ४ होते, स्क्रीनवर ४ राहिले आणि सर्व्हरवर ५. म्हणून "एक वाढव" कधी पाठवायचं नाही, "या ओळीचे नग ५ कर" असं पाठवायचं, तेच दोनदा गेलं तरी काही बिघडत नाही. आणि एका कार्टसाठी एकच रांग, एक रिक्वेस्ट चालू असताना आलेले बदल साठवून त्यातला शेवटचा आकडाच पुढे पाठवायचा. स्क्रीनवर लगेच ५ दाखवा, पण सर्व्हरने ३ सांगितले तर निमूट ३ करा आणि का ते गिऱ्हाईकाला सांगा. शॉपिफायच्या म्युटेशन्समध्ये (बदल करणाऱ्या रिक्वेस्टमध्ये) एचटीटीपी २००, म्हणजे "ठीक" असा स्टेटस, येऊनही आत युजरएरर्सची यादी असू शकते, त्यामुळे नुसता स्टेटस बघून "झालं" म्हणणारा कोड इथे फसतो, ती यादी वाचून तुमच्या स्वतःच्या एरर प्रकारात बदलून द्या.

कार्टचा आयडी कुठे ठेवायचा हा प्रश्न साधा वाटतो, लोक लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या साठ्यात) टाकतात आणि पुढे जातात. सफारी २०२० पासून असं करतं की सफारी वापरात असताना साईटवर ७ दिवस काही हालचाल नसेल तर स्क्रिप्टने लिहिलेलं स्टोरेज पुसून टाकतं, म्हणजे आयफोनवाल्या गिऱ्हाईकाने दिवाळीच्या खरेदीचा कार्ट भरून ठेवला आणि दहा दिवसांनी आलं तर कार्ट रिकामा. सर्व्हरने सेट केलेली कुकी हा जास्त टिकणारा मार्ग. म्हणून लायब्ररीत स्टोरेज बाहेरून देता येईल असं ठेवा, वाचा-लिहा-पुसा अशी तीन फंक्शनं असलेलं काहीही चालेल, आणि लोकलस्टोरेज वापरताना प्रत्येक वेळी ट्राय-कॅच, कारण कुकीज बंद केलेल्या ब्राउझरमध्ये त्याला नुसता हात लावला तरी एरर येऊ शकतो आणि मग पूर्ण पान पांढरं.

रिॲक्ट की साधं जेएस? साधं जेएस, आणि वर रिॲक्टचा पातळ थर. तुमची तीन दुकानं वूकॉमर्सवर आहेत, तिथल्या जुन्या थीममध्ये कार्टचा आकडा जेक्वेरीच्या इव्हेंटवर हलतो, तिथे रिॲक्ट घेऊन जाण्यात काही हशील नाही. गाभ्यात सबस्क्राइब (बदल झाला की कळवणारं) आणि गेटस्नॅपशॉट (आत्ताचा कार्ट देणारं) अशी दोन फंक्शनं ठेवलीत की रिॲक्टच्या बाजूला यूजसिंकएक्स्टर्नलस्टोअर हा हुक, जो १८ व्या व्हर्शनपासून आहे, तो सरळ जोडता येतो, पाचदहा ओळीत काम होतं. त्याला सर्व्हरसाठीचा वेगळा स्नॅपशॉट द्यायला विसरू नका, रिकामा कार्ट, नाहीतर नेक्स्टमध्ये (रिॲक्टची पानं सर्व्हरवर बनवणारं फ्रेमवर्क) हायड्रेशनच्या, म्हणजे सर्व्हरचं पान आणि ब्राउझरचं पान न जुळल्याच्या, एरर येतील. आणि फाइल इम्पोर्ट होतानाच विंडो किंवा डॉक्युमेंटला हात लावणारी एकही ओळ गाभ्यात नको.

बंडलिंगबद्दल मी थोडक्यातच सांगते. टीएसअप किंवा व्हीटचा लायब्ररी मोड, जे हाताला बसेल ते घ्या. माझ्या मते आज नव्या लायब्ररीने फक्त ईएसएम (जावास्क्रिप्टची आताची मॉड्यूल पद्धत) द्यावं, आणि स्क्रिप्ट टॅगने वापरणाऱ्यांसाठी एक आयआयएफई फाइल (थेट पानात चालणारी). नोड २०.१९ आणि २२.१२ पासून रिक्वायरने ईएसएम फ्लॅगशिवाय उचलता येतं, त्यामुळे कॉमनजेएसची (नोडच्या जुन्या मॉड्यूल पद्धतीची) वेगळी प्रत ठेवण्याचं मोठं कारण उरलेलं नाही. आणि दोन प्रती ठेवल्या की काय होतं ते एकदा बघण्यासारखं असतं: हेडरने एक प्रत उचलली, ड्रॉवरने दुसरी, दोघांचे स्टोअर वेगळे, वर बॅजवर ० आणि ड्रॉवरमध्ये ३ वस्तू, आणि कोणालाच काही कळत नाही कारण कोडमध्ये चूक कुठेच नाही. रिॲक्ट म्हणूनच पीअर डिपेंडन्सीत (वापरणाऱ्याने स्वतः आणायच्या पॅकेजेसच्या यादीत) हवं, डिपेंडन्सीत नको. पॅकेज डॉट जेसनच्या एक्स्पोर्ट्समध्ये टाइप्सची ओळ सगळ्यात वर लिहा, तो क्रम टाइपस्क्रिप्टला लागतो. साइडइफेक्ट्स फॉल्स (न वापरलेल्या फाइल काढल्या तर चालतील असं बंडलरला सांगणारी ओळ) लिहिताना मात्र सीएसएस फाइल असेल तर तिला वगळा, नाहीतर बंडलर ती उडवतो.

आता पब्लिश, इथे परत हळू. लोक एनपीएम पब्लिशची कमांड मारणं म्हणजे शेवट समजतात, माझ्या मते जबाबदारी तिथून सुरू होते. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साईटवर जे झालं ते दुकानाची लायब्ररी लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. मॉडर्नायझर या साध्या, सगळीकडे असणाऱ्या लायब्ररीच्या फाइलच्या शेवटी हल्लेखोरांनी २२ ओळी जोडल्या आणि पेमेंट फॉर्ममधली माहिती बाहेर जात राहिली, पुढे २०२० मध्ये ब्रिटनच्या नियामकाने कंपनीला २ कोटी पौंड दंड केला. २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन नव्या मालकाकडे गेल्यावर लाखाहून जास्त साईटवर भलताच कोड पोचला, त्या साईटवाल्यांनी आपल्या कोडची एक ओळही बदललेली नव्हती. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग अशी रोज वापरातली पॅकेजेस बिघडवली गेली ती एका फिशिंग मेलमुळे, एनपीएमच्या नावाने आलेला मेल, आणि टाकलेला कोड ब्राउझरमध्ये चालून क्रिप्टो वॉलेटचे पत्ते बदलत होता. तुमचं पॅकेज छोटं असेल पण ते चेकआउटच्या शेजारी चालणार आहे, त्यामुळे हल्लेखोराच्या दृष्टीने ते छोटं नाही.

म्हणून एनपीएमच्या खात्यावर टू-फॅक्टर, तेही पासकी किंवा सिक्युरिटी की वालं. लॅपटॉपवरून पब्लिश करायचंच नाही, गिटहब ॲक्शन्समधून ट्रस्टेड पब्लिशिंग लावा, ते २०२५ पासून आहे, त्यात कुठेही टोकन साठवावं लागत नाही आणि पॅकेज कुठल्या कमिटवरून बनलं याचा पुरावा आपोआप जोडला जातो. रनटाइम डिपेंडन्सी शून्य ठेवा. एका तारखेच्या हेल्परसाठी दुसऱ्याचं पॅकेज ओढू नका, लेफ्टपॅड ११ ओळींचं होतं आणि मार्च २०१६ मध्ये लेखकाने ते काढून घेतल्यावर जगभरचे बिल्ड कोसळले. पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट (इन्स्टॉल झाल्यावर आपोआप चालणारी) अजिबात नको. पॅकेज डॉट जेसनमध्ये फाइल्सची यादी स्वतः लिहा आणि पब्लिशच्या आधी एनपीएम पॅक ड्राय-रनसकट चालवून काय काय चाललंय ते डोळ्यांनी वाचा, एन्व्ह फाइल (गुप्त किल्ल्या असलेली) किंवा क्लायंटच्या दुकानाचं टोकन असलेली टेस्ट फाइल त्यात गेली तर परत घेता येत नाही. ७२ तासांत, आणि कोणी त्यावर अवलंबून नसेल तरच, अनपब्लिश सहज होतं, आणि तरीही तो व्हर्शन नंबर पुन्हा वापरता येत नाही. स्कोप असलेलं (@ ने सुरू होणारं) नाव घेतलंत तर पहिल्या वेळी ॲक्सेस पब्लिक सांगावं लागतं, नाहीतर एनपीएम ते खासगी समजून पैसे मागतं.

स्क्रिप्ट टॅगवाल्या दुकानांना लेटेस्टची लिंक कधीच देऊ नका, जेएसडिलिव्हरची (एनपीएमच्या फाइल पुरवणारी सेवा) पूर्ण व्हर्शन लिहिलेली लिंक आणि इंटिग्रिटी हॅश (फाइल बदललेली नाही हे ब्राउझरला पडताळू देणारा कोड) हे दोन्ही रीडमीतच तयार ठेवा, कारण लोक तिथून कॉपी करतात. पीसीआयच्या, म्हणजे कार्ड पेमेंटच्या सुरक्षेच्या, नव्या नियमांत ३१ मार्च २०२५ पासून पेमेंटच्या पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची नोंद, ती तिथे का आहे याचं कारण आणि ती बदललेली नाही याची खात्री मागितलीय. तुमच्या लायब्ररीला पेमेंटच्या पानावर जायची गरजच पडू नये असं लिहा, कार्टपर्यंत येऊन थांबा.

व्हर्शनबद्दल एक. टाइप्स बदलले की मेजर (व्हर्शनचा पहिला आकडा वाढवायचा), हे सगळे पाळतात. पण कूपनचा उरलेला पैसा वाटायचा नियम बदललात तर टाइप्स तेच राहतात, टेस्टही कदाचित पास होतात, आणि दुकानदाराच्या हिशोबात मात्र फरक पडतो, तेव्हा तेही मेजरच. एचटीएमएलमधली क्लासची नावं बदलली तरी मेजर, कारण थीमवाल्यांनी त्यावर सीएसएस लिहिलेलं असतं. शून्यापासून सुरू होणारे व्हर्शन वापरताना लक्षात असू द्या, ०.३.१ ला कॅरेट (^ हे चिन्ह, सुसंगत नवी व्हर्शन चालतील असं सांगणारं) लावलं तर ०.४ आपोआप येत नाही.

आणि एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत: हा कोड मुळात चार क्लायंटसाठी पैसे घेऊन लिहिलेला आहे. करारात कोडची मालकी त्यांच्याकडे दिली असेल तर तो तुम्हाला एमआयटी लायसन्सखाली टाकता येणार नाही. प्रत्येकाला मेल करा, कुठला सर्वसाधारण भाग बाहेर काढताय ते लिहा, लेखी होकार घ्या. बहुतेक जण देतात, फक्त आधी विचारलेलं बरं. आणि कमिटचा इतिहास नवीन रेपोत आणू नका, त्यात कुठल्यातरी कोपऱ्यात क्लायंटच्या किल्ल्या असतात.

कामाचा क्रम मी असा ठेवेन की आधी फक्त रकमेचा भाग वेगळा काढा, त्याला टेस्ट लावा, त्यातही अशा टेस्ट ज्या हजारो यादृच्छिक कार्ट बनवून बघतात की वाटलेल्या सुटीची बेरीज नेहमी कूपनइतकीच येते का. तो भाग एनपीएम पॅकने बनवलेल्या फाइलमधून एका शॉपिफाय आणि एका वूकॉमर्स दुकानात बसवा, पब्लिश न करता. दोन्हीकडे एक सण निघून गेला, आकडे जुळले, की मग कार्ट, आणि मग एनपीएम. प्लेराइटमध्ये (ब्राउझरमधल्या टेस्टचं साधन) वेबकिटवरही, म्हणजे सफारीच्या इंजिनवरही, टेस्ट चालवा, आयफोनचे अर्धे घोळ तिथेच दिसतात. पिनकोडसाठी सहा आकडे आणि पहिला शून्य नाही एवढंच तपासा, त्यापुढे डिलिव्हरी होते की नाही ते कुरिअरच्या सर्व्हरला विचारा. पत्त्याच्या फील्डला फार शहाणपण शिकवू नका, "मारुती मंदिरासमोर, पाटलांच्या वाड्यामागे" हा पत्ता बरोबर आहे आणि पोस्टमनला तो कळतो, तुमच्या रेजेक्सला नाही कळला तरी चालेल.

टाकल्यावरचं काम मोजून ठेवा. शॉपिफायचा एपीआय दर तिमाहीला नवीन व्हर्शन काढतो, प्रत्येक व्हर्शन किमान १२ महिने चालतं, म्हणजे वर्षातून एकदा तरी तुम्हाला पुढच्या व्हर्शनवर जावंच लागणार, ती तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका आणि लायब्ररी कुठल्या व्हर्शनशी बोलते ते रीडमीच्या पहिल्या स्क्रीनवर लिहा. बग नोंदवण्याच्या फॉर्ममध्ये तीन गोष्टी सक्तीच्या करा: कार्टमधल्या ओळी, स्क्रीनवर दिसलेली रक्कम आणि सर्व्हरकडून आलेली रक्कम. या दोन रकमा वेगळ्या असल्याची तक्रार आली तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती आधी हातात घ्या.